सिरॅमिक की स्टील? स्पोर्ट्स कारचे ब्रेक निवडण्याआधी करायचा हिशोब

नवी स्पोर्ट्स कार बुक करताना रंग ठरतो, सीटचं चामडं ठरतं, चाकं ठरतात, आणि मग यादीत एक ओळ येते जिच्यापाशी हात थांबतो: कार्बन सिरॅमिक ब्रेक. पोर्शे ९११ घेणाऱ्याला अमेरिकेत या एका ओळीसाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. आपल्याकडे त्यावर आयात कर चढतो. माझ्या ओळखीतले तिघे-चौघे गेल्या काही वर्षांत या ओळीपाशी अडले आणि प्रत्येकाने विचारलं, "एवढे पैसे टाकून गाडी लवकर थांबते का?"

नाही थांबत. ताशी १०० किलोमीटरवरून एकदा जोरात ब्रेक दाबला तर सिरॅमिक आणि नेहमीचे "स्टीलचे" अशा दोन्ही प्रकारांत गाडी जवळपास सारख्याच अंतरात थांबते, कारण तिथे मर्यादा टायरच्या पकडीची असते. एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू झालं याचा अर्थच असा, की ब्रेककडे लागेल त्याहून जास्त जोर शिल्लक आहे. मग पैसे कशाचे? वजन कमी होण्याचे, गंज न चढण्याचे, चाकं काळी न होण्याचे, आणि ब्रेक पुन्हा पुन्हा तापले तरी तसेच लागत राहण्याचे. यातलं तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवायला हा लेख.

माझं मत आधीच सांगतो. गाडी फक्त रस्त्यावर चालणार असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर सिरॅमिक घ्या, ते वर्षानुवर्षं टिकतील. गाडी नियमित शर्यतीच्या ट्रॅकवर जाणार असेल तर नेहमीचे "स्टीलचे" घ्या. बहुतेकांना हे उलटं वाटतं. ते तसं का नाही, हे पुढे येईलच.

आधी नावांचा घोळ सोडवू

ज्याला सगळे "स्टीलचे ब्रेक" म्हणतात त्यांच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, स्टीलच्या नसतात. त्या बिडाच्या असतात. आपल्या स्वयंपाकघरात बिडाचा तवा असतो, त्याच जातीचा हा धातू. तव्याचे गुण आठवा: जड असतो, उष्णता पोटात साठवून ठेवतो, मार खातो, आणि रात्रभर ओला राहिला की सकाळी लाल होतो. डिस्कचंही तंतोतंत तसंच. म्हणून पुढे मी "बिडाची डिस्क" असंच म्हणणार आहे.

दुसरा घोळ जास्त महाग पडतो. स्पेअर पार्टच्या दुकानात "सिरॅमिक ब्रेक पॅड" काही हजारांत मिळतात. ते फक्त पॅड, म्हणजे डिस्कवर दाबले जाणारे ठोकळे. त्यांच्या मसाल्यात सिरॅमिकचे तंतू असतात एवढंच, आणि ते बिडाच्या साध्या डिस्कवरच बसतात. आपण ज्याबद्दल बोलतोय ती अख्खी डिस्कच कार्बन सिरॅमिकची असते. जुन्या गाडीच्या जाहिरातीत "सिरॅमिक ब्रेक्स" लिहिलेलं दिसलं तर डिस्क की पॅड, हे पहिल्याच फोनवर विचारा.

तिसरा प्रकार फॉर्म्युला वनचा. तिथल्या डिस्क कार्बन-कार्बनच्या, म्हणजे सिरॅमिक नसलेल्या निव्वळ कार्बनच्या असतात. ही कल्पना विमानांतून आली, काँकॉर्डलाही कार्बनचे ब्रेक होते. त्या डिस्क नीट तापल्याशिवाय धरतच नाहीत, त्यामुळे सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग नाही. रस्त्यावरच्या गाडीसाठी वेगळी डिस्क तयार करावी लागली. कार्बनचे आखूड तंतू राळेत मिसळून साच्यात दाबायचे, हवेशिवाय सुमारे ९०० अंशांवर भाजून राळेचा कोळसा करायचा, आणि मग निर्वात भट्टीत त्यात वितळलेलं सिलिकॉन जिरवायचं. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं, म्हणून ही भट्टी त्याहून बरीच वर नेतात. आतला कार्बन आणि सिलिकॉन एकत्र येऊन सिलिकॉन कार्बाइड बनतं, जे धार लावायच्या दगडात असतं. त्यात अडकलेले कार्बनचे तंतू त्याला तडकू देत नाहीत. एकेका डिस्कला भट्टीत इतका काळ घालवावा लागतो, किंमत तिथूनच चढते. पोर्शेने २००१च्या ९११ जीटी२ला हे ब्रेक मूळ गाडीतच दिले, आणि फेरारीच्या एन्झोला २००२मध्ये ते तसेच मिळाले.

ब्रेक दाबल्यावर उष्णता किती होते

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण सगळा निर्णय याच्यावर उभा आहे. चालकासह १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल तर तिच्यात सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा असते. थांबताना ती सगळी उष्णता होते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट: २०० वर सुमारे २३०० किलोज्यूल, २५० वर ३६०० च्या पुढे.

आता ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट घ्या. ५.१२५ किलोमीटरचा फेरा आणि त्यात एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता. समजा तुम्ही तिथे २५० ला पोचलात आणि पुढच्या वळणासाठी १०० वर आलात. एका दाबण्यात ३००० किलोज्यूल. पुढच्या चाकांवर दोन तृतीयांश भार धरला तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सुमारे १००० येतात. ११ किलोची बिडाची डिस्क यात ढोबळमानाने १८० अंशांनी तापते. तिच्या निम्म्या वजनाची सिरॅमिक डिस्क? तिची किलोमागे उष्णता सामावण्याची ताकद जास्त, पण किलोच निम्मे, त्यामुळे ती जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्तच तापते.

म्हणजे सिरॅमिक डिस्क उष्णता कमी करत नाही. ती उष्णता सोसते. बिडाची डिस्क ६०० ते ७०० अंशांपर्यंत वारंवार गेली की तिला केसासारख्या भेगा पडू लागतात. सिरॅमिक डिस्क त्या तापमानाला आकार बदलत नाही आणि तिच्या घर्षणातही फार फरक पडत नाही. पण उष्णता पुढे जातेच: पॅडमध्ये, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, ब्रेक ऑइलमध्ये.

आणि इथेच ती मेख आहे. कार्बन हवेत ४०० ते ५०० अंशांच्या पुढे जळू लागतो. पृष्ठभागावर उघडे पडलेले तंतू ट्रॅकवर प्रत्येक फेऱ्याला थोडेथोडे जळतात. डिस्कची जाडी दिसायला तशीच राहते, वजन मात्र घटत जातं. रस्त्यावर डिस्क इतकी तापत नाही, म्हणून तिथे ती जवळजवळ झिजतच नाही. ज्या कामासाठी हे ब्रेक मिरवले जातात तेच काम त्यांना खातं. पोर्शे ९११ची जीटी३ ही ट्रॅककडे झुकलेली आवृत्ती चालवणारे कितीतरी लोक, जे खरोखर ट्रॅकवर जातात, ते मूळ सिरॅमिक डिस्क काढून घरात जपून ठेवतात आणि बिडाच्या बसवतात. त्याचं कारण हे.

पायरी १: गाडीवर सध्या काय आहे ते पाहा

जुनी गाडी घेत असाल तर इथूनच सुरुवात. कॅलिपरच्या रंगावर जाऊ नका. पोर्शेमध्ये पिवळा म्हणजे सिरॅमिक हे बरंचसं खरं, पण नव्या गाड्यांत सिरॅमिकबरोबर काळा कॅलिपरही मागवता येतो, आणि कोणीही कोणताही रंग मारून घेऊ शकतो. खिशात एक साधा लोहचुंबक ठेवा. गाडी थंड असताना तो डिस्कच्या घासल्या जाणाऱ्या भागाला लावा. चिकटला तर बीड. नाही चिकटला तर सिरॅमिक. मधल्या टोपीसारख्या भागाला लावून निष्कर्ष काढू नका, तो वेगळ्या धातूचा असू शकतो.

डोळ्यांनीही ओळखता येतं. बिडाची डिस्क घासलेल्या धातूसारखी चकाकते आणि कडेला गंजाची रेघ असते. सिरॅमिक डिस्क मंद करडी दिसते, जवळून पाहिलं तर आडव्यातिडव्या तंतूंचे ठिपके दिसतात.

एक तिसरी जातही भेटेल. पोर्शेने २०१७मध्ये कायेनबरोबर बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा पातळ थर चढवलेले ब्रेक आणले. कॅलिपर पांढरे असतात आणि डिस्क आरशासारखी लख्ख. हे चुंबकाला चिकटतात. धूळ फार कमी, गंजाला विरोध चांगला, किंमत मधली. तुमच्या गाडीला हा पर्याय मिळत असेल तर रोजच्या वापरासाठी तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

पायरी २: वर्षभराचा वापर कागदावर लिहा

मनात नको, कागदावर. मागच्या १२ महिन्यांत गाडी किती किलोमीटर चालली, त्यातले किती शहरात, किती घाटात, किती दिवस ट्रॅकवर, आणि किती महिने ती झाकून उभी होती. पुढच्या वर्षी काय करणार याचं स्वप्न या कागदावर नको.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाट सोडून कारची मर्यादा १०० ची आहे. त्या वेगावरून थांबायला बिडाचे चांगले ब्रेक पुरून उरतात. "पण घाट?" असं लगेच विचारलं जातं, आणि प्रश्न रास्त आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, खोपोली साठ मीटरच्या आसपास. साडेपाचशे मीटर उतरताना गाडी जेवढी ऊर्जा सोडते ती १०० वरून १४ वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. ऐकायला भयंकर. मात्र ती वीस-पंचवीस मिनिटांत पसरलेली असते आणि तिचा मोठा भाग हवा आणि इंजिन खातात, अट एवढीच की तुम्ही खालच्या गिअरमध्ये असलं पाहिजे. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्याचे सिरॅमिकही तापतील आणि ऑइल उकळेल. गिअरमध्ये उतरणाऱ्याला बिडाचे पुरतात. घाटासाठी म्हणून सिरॅमिक घ्यायचं काही कारण मला दिसत नाही.

झाकून उभ्या राहण्याचे महिने मात्र फार महत्त्वाचे. मुंबईत, कोकणात, गोव्यात कित्येक जण जूनमध्ये गाडी झाकतात ती दसऱ्यालाच काढतात. बिडाच्या डिस्कसाठी हे चार महिने वाईट. दमट खारी हवा, गंज, आणि पॅड जिथे टेकलेला असतो तिथे डिस्कवर उमटलेला त्याचा ठसा. पॅड डिस्कला चिकटून गाडी हलत नाही, असंही होतं. सिरॅमिक डिस्कला गंज ठाऊकच नाही. समुद्राजवळ राहणाऱ्या आणि गाडी कमी चालवणाऱ्या माणसासाठी माझ्या मते सिरॅमिकच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि विक्रेता तो क्वचितच सांगतो.

वजनाचाही विचार करा. नव्या ९११ जीटी३ला पुढे बिडाच्या ४०८ मिलिमीटरच्या डिस्क येतात, मागे ३८० च्या. सिरॅमिक घेतल्या तर ४१० आणि ३९०. आकार मोठा होऊनही वजन साधारण निम्म्यावर येतं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आणि फिरणारं, म्हणून प्रत्येक चाकामागे वाचलेले पाच किलो स्टिअरिंगला आणि खराब रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहण्यात जाणवतात. मला जाणवतात. तुम्हाला जाणवतील का, हे दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी चालवूनच कळेल. विकत घेण्याआधी तेवढं कराच.

उलट बाजू चाकाच्या आकाराची. बीएमडब्ल्यू एम४ला पुढे बिडाच्या ३८० च्या डिस्क असतात आणि सिरॅमिकच्या ४०० च्या. मोठी डिस्क म्हणजे लहान रिम बसणार नाही. खड्ड्यांसाठी एक इंच लहान रिम आणि जाड टायर लावायचा बेत असेल, तर तो इथेच संपतो.

पायरी ३: दोन कोटेशन, एक भागाकार

सर्व्हिस सेंटरकडून चार आकडे लेखी मागवा: पुढची एक सिरॅमिक डिस्क, पुढची एक बिडाची डिस्क, आणि दोन्हींच्या पॅडचे संच. मजुरी आणि कर धरून. मग सिरॅमिकच्या किमतीला बिडाच्या किमतीने भागा. येणारा आकडा म्हणजे एका सिरॅमिक डिस्कच्या पैशात बिडाच्या किती येतात. हा आकडा बहुतेकांना हादरवतो, कारण गाडी नवी घेताना जो पर्याय एका ओळीत मावला होता तो सुटा घेताना चार डिस्कचा होतो.

आता तो कागद काढा. ट्रॅकचे दिवस शून्य असतील तर सिरॅमिक डिस्क तुमच्या मालकीच्या काळात बदलावी लागण्याची शक्यता फार कमी, तेव्हा सुट्या डिस्कची किंमत जवळपास बाजूला ठेवा. त्याऐवजी धोका धरा एकाच गोष्टीचा: धक्क्याने कड उडण्याचा. वर्षाला पाच-सहा दिवस ट्रॅक असेल तर उलट हिशोब. बिडाच्या डिस्क पॅडसारख्याच खपाच्या वस्तू समजा, दर हंगामाला बदला, आणि उरलेल्या पैशांत टायर घ्या.

आणि एक. विकताना सिरॅमिक असलेली गाडी जास्त किमतीला जाते, पण फक्त डिस्क चांगल्या असल्याचा कागद हाती असेल तर. झिजलेल्या सिरॅमिक डिस्क हे पुढच्या मालकाच्या डोक्यावरचं ओझं, आणि जाणकार गिऱ्हाईक ते किमतीतून वजा करतं.

पायरी ४: डिस्कच्या आधी पॅड आणि ऑइल

ज्यांना वाटतं की आपले बिडाचे ब्रेक "कमी पडतात", त्यांच्यातल्या बहुतेकांचा दोष डिस्कमध्ये नसतो. दोन लक्षणं वेगळी ओळखायला शिका.

पॅडल पायाखाली टणक आहे, जोर लावताय, पण गाडी पुढेच सरकतेय: पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापलाय. उपाय जास्त तापमानाचा पॅड. रस्त्याचा मऊ पॅड घेऊन ट्रॅकवर जाल तर सिरॅमिक डिस्कवरही हेच होईल.

पॅडल मऊ झालंय, खोल जातंय, दोनदा पंप केल्यावर धरतंय: ऑइल उकळलंय आणि त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तुमचा जोर कॅलिपरपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी हळू चालवत गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या थांब्यात, आणा, तो दिवस तिथेच संपला.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. ऑइलच्या प्रती डॉट आकड्याने ओळखतात. डॉट ४च्या नियमात ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश हवा, पण पाणी ओढून झाल्यावर १५५ चालतो. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. शर्यतीसाठीची ताजी ऑइल ३०० च्या वर जातात, मात्र ती लवकर बदलावी लागतात. आपल्या पावसाळ्यात हवा जितकी ओली असते ते पाहता दोन वर्षांची मुदत ही कमाल मर्यादा धरा, आणि ट्रॅकच्या प्रत्येक दिवसाआधी ऑइल बदला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, नाव ५.१ सारखं असलं तरी पूर्ण वेगळं, ते भरू नका. सिरॅमिकवर लाखो खर्च करून तीन वर्षांचं जुनं ऑइल ठेवलेली गाडी मी पाहिली आहे. तिचे ब्रेक चौथ्या फेऱ्याला सुटले.

पॅडबद्दल एक कडक नियम: बिडाचा पॅड सिरॅमिक डिस्कवर आणि सिरॅमिकचा बिडाच्या डिस्कवर लावू नका. पॅड बनवणाऱ्याने ज्या डिस्कसाठी नाव घेऊन सांगितलं असेल, त्यासाठीच तो पॅड.

पायरी ५: जुन्या गाडीच्या डिस्क तपासणं

बिडाची डिस्क तपासणं सोपं. कडेवर किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजा, कारण कडेला उरलेली उंच रेघ मोजायच्या व्हर्निअर पट्टीला फसवते. केसासारख्या भेगा चालतात. भेगेत नख अडकत असेल, भेग कडेपर्यंत गेली असेल किंवा दोन छिद्रांना जोडत असेल, तर डिस्क गेली. छिद्रांच्या डिस्क दिसायला देखण्या, पण भेगा तिथूनच सुरू होतात. ट्रॅकसाठी मी नेहमी चिरा पाडलेल्या डिस्क सुचवतो.

ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल तर मेकॅनिक लगेच "डिस्क वाकली" म्हणतो. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. पॅडचा मसाला डिस्कवर काही ठिकाणी जास्त जमलेला असतो, तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून सिग्नलला उभं राहिल्याने. डिस्क फेकण्याआधी पॅड बदलून पुन्हा घासाई (पायरी ६) करून पाहा.

सिरॅमिकची तपासणी निराळी, कारण जाडी खरं सांगत नाही. पोर्शेच्या डिस्कवर टोपीजवळ किमान वजन ग्रॅममध्ये कोरलेलं असतं. डिस्क उतरवायची, कोरडी स्वच्छ करायची आणि तोलायची. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटासुद्धा चालेल, फक्त तो माहितीतल्या वजनाने आधी तपासून घ्या. अधिकृत सेंटरकडे डिस्क न उतरवता विद्युतचुंबकीय पद्धतीने झीज मोजणारं यंत्र असतं, तिथला छापील आकडा मागा. पृष्ठभाग खडबडीत झालाय का, तंतू उघडे पडून खरखर हाताला लागते का, ते पाहा. शेवटी पूर्ण कडेवरून बोट फिरवा. कडेचा टवका उडालेला असेल तर त्याची लांबी-खोली मोजून कंपनीच्या मर्यादेशी ताडून घ्या. विकणारा डिस्क उतरवू देत नसेल तर सौदा थांबवा. इथे भीड बाळगून चालत नाही.

पायरी ६: नव्या डिस्क-पॅडची घासाई

नवा पॅड आणि नवी डिस्क पहिल्या दिवशी एकमेकांना ओळखत नाहीत. पॅडच्या मसाल्याचा एक सारखा पातळ थर डिस्कवर बसवावा लागतो. पॅडच्या खोक्यातली सूचना सर्वात वरची. ती नसेल तर बिडासाठी सर्वसाधारण पद्धत अशी: बंद ट्रॅकवर किंवा खासगी रस्त्यावर ताशी १०० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने ८ ते १० वेळा वेग कमी करा, पूर्ण न थांबता. मधे थोडं अंतर ठेवा. मग १० ते १५ मिनिटं ब्रेक जवळपास न वापरता चालवत थंड होऊ द्या. हे करताना पाय दाबून गाडी उभी करू नका, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. वास येईल, थोडा धूरही येईल, ते ठीक.

सिरॅमिकलाही घासाई लागते, पण वेगांचे आकडे गाडी आणि पॅडप्रमाणे बदलतात. तिथे अंदाजाने काही करू नका, सर्व्हिस सेंटरकडून लेखी कृती घ्या.

टायरच्या दुकानात आणि धुताना

सिरॅमिक डिस्क उष्णतेला शूर आणि टोल्याला नाजूक. रस्त्यावरच्या गाड्यांच्या डिस्क कुठे जातात माहीत आहे? पंक्चर काढताना. जड रिम काढताना हातातून सुटतो, आतली बाजू डिस्कच्या कडेवर आपटते आणि टवका उडतो. एका मित्राच्या गाडीचं असंच झालं, दुकानातल्या मुलाला आपण काय तोडलं हे कळलंही नाही. त्याची चूक म्हणवत नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून गाडी जॅकवर चढायच्या आधी सांगा, आणि चाक सरळ सरकवण्यासाठी बोल्टच्या जागी बसणारी लांब पिन स्वतःजवळ ठेवा. एक माणूस चाक धरेल, दुसरा बोल्ट काढेल. बसवताना शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना.

धुताना रिमवर आम्लाचा क्लीनर नको, डिस्क कोणतीही असो. धुऊन झाल्यावर गाडी लगेच झाकू नका. गल्लीत दोन फेऱ्या मारा, हलके ब्रेक लावून डिस्क कोरड्या करा, मगच उभी करा. बिडाला गंजासाठी हे हवं. सिरॅमिकला वेगळ्या कारणासाठी: ओल्या सिरॅमिक डिस्कवर पहिला ब्रेक क्षणभर उशिरा धरतो. जुलैच्या मुसळधार पावसात महामार्गावर बराच वेळ ब्रेक लावला नसेल, तर मागे कोणी नाही हे पाहून अधूनमधून पॅडल हलकेच टेकवत राहा. ही सवय जीव वाचवणारी आहे.

मंद वेगात, सकाळच्या गारव्यात सिरॅमिक किंचाळतात. घाबरू नका. आवाज ब्रेक तापल्यावरही राहिला तर मात्र पॅडची जाडी बघा.

सिरॅमिक काढून बिडाचे बसवायचे असतील तर

ट्रॅकवाल्यांसाठी हा चांगला मार्ग आहे, पण डिस्कचा व्यास वेगळा असतो. वर दिलेले जीटी३चे आकडेच पाहा: पुढे दोन मिलिमीटरचा फरक, मागे दहाचा. कॅलिपरची जागा त्या व्यासाप्रमाणे ठरलेली असते. म्हणून सिरॅमिकच्या मापाच्याच बिडाच्या डिस्क बनवणाऱ्यांकडून पूर्ण संच घ्या, सुट्या वस्तू जुळवत बसू नका. पॅड सोबतच बदलतील. वजन वाढल्यामुळे सस्पेन्शनची चाल किंचित बदलते, पहिले दोन-तीन फेरे सावकाश काढा. वॉरंटीबद्दल आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

उतरवलेल्या सिरॅमिक डिस्क स्वच्छ पुसून, कोरड्या करून, प्रत्येकीचं वजन आणि त्या दिवशीचे किलोमीटर चिकटपट्टीवर लिहा. डावी-उजवी, पुढची-मागची अशी खूण करा, कारण आतल्या हवेच्या वाटा दिशेप्रमाणे असतात आणि डावी डिस्क उजवीकडे बसवायची नसते. जाड फोममध्ये गुंडाळून आडव्या ठेवा, एकीवर दुसरी रचू नका. त्यांचे पॅडही त्याच खोक्यात, कोणता कुठला हे लिहून.